नाव सांगा, तिकीट देतो

गेल्या अंकात ‘सिनेमांची फसलेली नावं’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. बरीचशी ‘अमुक नाव मला आवडत नाही’ एवढंच सांगणारी होती. आवडीनिवडीला मी काय उत्तर देणार? ठाण्यातल्या एका एकपडदा टॉकीजच्या बुकिंगच्या खिडकीमागे माझी नोकरी झाली. त्यामुळे नावाची एकच बाजू मला नीट ठाऊक आहे : रांगेतल्या माणसाच्या तोंडून ते कसं बाहेर पडतं. त्या बाजूचे प्रश्न तेवढे घेतले आहेत.

प्रश्न : परवा तलावपाळीवर जुना मित्र भेटला. आठवड्यापूर्वी पाहिलेला एक मराठी सिनेमा ‘तू बघच’ म्हणून त्याला सांगायला गेलो. गोष्ट सांगितली, कलाकार सांगितले, नाव काही केल्या आठवेना. सिनेमा आवडला होता हो! हे माझं वय, की त्या नावाचा दोष?
– निवृत्त बँक कर्मचारी, पाचपाखाडी

उत्तर : वयाला मध्ये आणू नका. १९७२ चा ‘पिंजरा’ तुम्ही आजही झोपेतून उठवलं तरी सांगाल. तुम्ही नाव कळवलेलं नाही (कळवणार कसं!), पण माझा अंदाज सांगतो. ते एका शब्दाचं असणार, संस्कृत वळणाचं, आणि हाताला काही लागू न देणारं. लग्नपत्रिकेच्या वरच्या ओळीत छापतात तशातलं. असे शब्द भारदस्त दिसतात खरे, पण ते एकमेकांच्या जागी बिनबोभाट बसतात. एका वर्षात असे पाच-सहा सिनेमे लागले की कुठलं नाव कुठल्या गोष्टीचं, हे लोकांनी लक्षात ठेवायचं तरी कसं?

आता आपल्याकडची टिकलेली नावं बघा. ‘पिंजरा’, ‘उंबरठा’, ‘वळू’, ‘नाळ’, ‘झिम्मा’. सगळं डोळ्यांना दिसणारं. ‘उंबरठा’ (१९८२) हा एका बाईने घराबाहेर पाऊल टाकण्याचा सिनेमा. त्याला ‘अस्मिता’ म्हटलं असतं तरी विषयाला सोडून झालं नसतं. पण अस्मिता ऐकून माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. उंबरठा म्हटला की तो ओलांडायचा की नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

उलट बाजूचं उदाहरण म्हणून मला ‘अस्तु’ची कायम हळहळ वाटते. २०१३ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. संस्कृतचे एक निवृत्त पंडित, स्मरणशक्ती हरवत चाललेले. मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा वेळ जाते, तेवढ्यात ते उतरतात आणि रस्त्याने चाललेल्या हत्तीच्या मागे निघून जातात. मोहन आगाशे यांनी ते पंडित असे उभे केलेत की घरी येऊन आपल्या वडिलांकडे नीट बघावंसं वाटावं. अमृता सुभाष यांना त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अहो, हत्ती आहे सिनेमात! हत्तीमागे गेलेला म्हातारा आहे! आणि नाव काय, तर पत्र संपवताना लिहितात ते. सिनेमा पाहिल्यावर ते नाव पटतं, त्या पंडितांच्या तोंडी शोभतं, हे सगळं मान्य. पण ज्याने अजून पाहिलेला नाही त्याला त्यातून ना हत्ती दिसतो, ना म्हातारा.

माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे. नाव ठेवणाऱ्याने सिनेमा शंभरदा पाहिलेला असतो. ऐकणाऱ्याने एकदाही नाही. ठेवणारा आतून बाहेर बघत असतो आणि त्याला त्या एका शब्दात अख्खी गोष्ट दिसते. बाहेर उभ्या असलेल्याला फक्त शब्द दिसतो.

खिडकीच्या त्या छोट्या भोकातून मला माणूस कधी दिसायचा नाही, हात दिसायचा आणि आवाज यायचा. मागून रेटारेटी, कोपऱ्यात ब्लॅकवाला कुजबुजतोय, पहिली घंटा झालेली. अशा घाईत तोंडातून जे निघतं तेच सिनेमाचं चालणारं नाव. ‘दोन बाल्कनी, लक्ष्याचं’, ‘ते भुताचं’, ‘ते रडायचं’. डीसीआर, म्हणजे रोजच्या तिकीटविक्रीचा तक्ता, भरताना मी वर छापील नाव लिहायचो, पण दिवसभरात ते कुणी उच्चारलेलंच नसायचं. ‘माहेरची साडी’ (१९९१) मात्र पूर्ण मागितली जायची. कळवा, खारेगाव, बाळकुमहून बायका घोळक्याने यायच्या आणि प्रत्येकीच्या तोंडी अख्खं नाव. कुणासाठी आहे आणि रुमाल आणायचा की नाही, दोन्ही त्या दोन शब्दांत आलं होतं. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ला मॉलमध्ये नऊवार्‍या आणि पैठण्या नेसलेल्या बायकांची रांग बघितली, तेव्हा मला ती साडीच आठवली.

तेव्हा तुमच्या मित्राला सांगा, गोष्ट कळली ना, बास. नाव मोबाइलवर शोध म्हणावं, कलाकारांच्या नावावरून सापडतं.

प्रश्न : ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ जगातल्या सर्वोत्तम सिनेमांत गणला जातो, पण लागला तेव्हा पडला होता आणि त्याचं खापर नावावर फोडतात. एका नावामुळे एवढा चांगला सिनेमा पडू शकतो?
– आयटी कंपनीत काम करणारी एक तरुणी, ऐरोली

उत्तर : एकट्या नावाने पडत नाही, पण नाव पाय ओढू शकतं. १९९४ चा हा सिनेमा, खर्च अडीच कोटी डॉलर, आणि पहिल्या फेरीत अमेरिकेत जमले सुमारे एक कोटी साठ लाख. त्याच हंगामात ‘पल्प फिक्शन’ लागला होता, ‘फॉरेस्ट गम्प’ अजून थिएटरातून उतरला नव्हता, आणि हा तर तुरुंगाचा सिनेमा, त्यात बाईची मोठी भूमिकाच नाही. ही सगळी कारणं खरी. पण नायक टिम रॉबिन्स यांनी स्वतः नंतर सांगितलंय की लोकांच्या नाव लक्षातच राहायचं नाही. राहणार कसं? पहिला शब्द एका काल्पनिक तुरुंगाचा, दुसरा चर्चमधल्या प्रवचनातला. दोन्हींतून तुरुंग दिसत नाही की सुटका.

गंमत म्हणजे स्टीफन किंग यांच्या मूळ दीर्घकथेच्या नावात रीटा हेवर्थ या नटीचं नाव होतं. सिनेमा करताना ते गाळलं, कारण लोकांना तो त्या नटीचा चरित्रपट वाटला असता. गाळलं ते बरोबरच केलं. पण गाळून जे उरलं ते तसंच पोस्टरवर चढवलं, नवीन काही शोधलं नाही. सात ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. पुढे व्हिडिओ कॅसेटींनी आणि टीव्हीने त्याला तारलं, आणि त्याचं कारण मला उघड दिसतं. टीव्हीवर सिनेमा आपोआप लागतो. नाव उच्चारून तिकीट मागावं लागत नाही.

याहून हताश करणारं प्रकरण ‘जॉन कार्टर’चं आहे, २०१२ चं. एडगर राइस बरोज यांच्या ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या कादंबरीवरचा सिनेमा. अमेरिकन यादवी युद्धातला सैनिक थेट मंगळावर पोचतो, तिथे चार हातांचे हिरवे योद्धे, राजकन्या, सगळा मालमसाला. डिस्नेने नावातून राजकन्या काढली, मंगळही काढला. उरला कोण, तर जॉन कार्टर. हा काय कुर्ल्याच्या गोदामातला मॅनेजर आहे? सिनेमा संपताना पडद्यावर ‘जॉन कार्टर ऑफ मार्स’ असं पूर्ण नाव येतं. म्हणजे तिकीट काढून शेवटपर्यंत बसलेल्याला कळतं की सिनेमा मंगळाचा होता. डिस्नेने पुढे सुमारे वीस कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. तो सगळा नावाचा नव्हे, सिनेमा भयंकर महागही होता. पण मंगळ लपवून कुणाचं भलं झालं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

टॉम क्रूझचा ‘एज ऑफ टुमॉरो’ (२०१४) तुम्हाला आठवत असेल. नायक मरतो, परत त्याच दिवसात जागा होतो, परत मरतो. डिस्क विकायला आणली तेव्हा कव्हरवर ‘लिव्ह डाय रिपीट’ हीच अक्षरं सर्वांत मोठी छापली होती. थिएटरातला धंदा आटोपल्यावर त्यांना योग्य नाव सापडलं!

प्रश्न : ‘आर... राजकुमार’ मध्ये ती टिंबं का? बोलताना काय म्हणायचं?
– रिक्षाचालक, कळवा

उत्तर : आधी नाव ‘रॅम्बो राजकुमार’ होतं. ‘रॅम्बो’चे हक्क दुसऱ्याचे निघाले, म्हणून २०१३ मध्ये रॅम्बो गेला आणि त्याच्या जागी टिंबं आली. खिडकीवर सगळे ‘राजकुमार’ म्हणायचे. एक पोरगा ‘आर डॉट डॉट डॉट राजकुमार, तीन स्टॉल’ असं म्हणाला आणि मागची रांग हसली. ज्याचा उच्चारच होत नाही ते नावात घालू नये, मग टिंब असो, कंस असो, नाहीतर अंकशास्त्रवाल्याने वाढवून दिलेलं अक्षर असो. त्याच वर्षी ‘मटरू की बिजली का मंडोला’ लागला होता. मटरू कोण, बिजली कोण, मंडोला माणूस की गाव, आणि कोण कुणाचं? लोक ‘मटरू’ म्हणून मोकळे व्हायचे.

प्रश्न : लोकांच्या आक्षेपामुळे नाव बदलावं लागतं, तेव्हा सिनेमाचं नुकसान होतं का? पंढरपूरच्या ‘एलिझाबेथ एकादशी’ या नावालाही विरोध झाला होता. एक वारकरी घरातली बाई म्हणून तेव्हा मलाही जरा खटकलं होतं.
– शिक्षिका, खारघर

उत्तर : ताई, खटकलं म्हणून लक्षात राहिलं. एकादशी म्हटल्यावर पुढेमागे काय येणार हे आपल्या कानांना ठरलेलं असतं. तिथे इंग्लंडची राणी आली की मान वळतेच. आणि हा नुसता खोडसाळपणा नव्हता. एलिझाबेथ हे त्यातल्या पोराच्या सायकलचं नाव आहे. आईचं स्वेटर विणायचं यंत्र सोडवायला पैसे हवेत, म्हणून मुलं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. दोन्ही शब्द गोष्टीतले, दोन्ही पायांवर उभे. परेश मोकाशी यांनी नाव बदललं नाही, आणि २०१४ च्या त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वारकऱ्यांचा अपमान त्यात मला कुठे दिसला नाही, तुम्हालाही पाहिल्यावर दिसला नसेल.

बदलल्यावर काय होतं ते ‘बिल्लू’चं बघा. २००९, इरफान खान गावचा न्हावी. नाव ‘बिल्लू बार्बर’. ‘बार्बर’ शब्दाला सलूनवाल्यांच्या संघटनेने हरकत घेतली, पोस्टरवरचा तो शब्द झाकला गेला. कुणाला आपल्या धंद्याचं नाव हिणवल्यासारखं वाटलं तर ते ऐकून घ्यायला हवं, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण उरलेल्या ‘बिल्लू’तून ना न्हावी दिसे, ना गाव, ना मैत्री. मांजराचा पिक्चर आहे का, असं बारकी पोरं विचारायची.

‘लक्ष्मी’चं तर हसावं की रडावं कळेना. तमिळ ‘कांचना’वरून केलेला भुताचा विनोदी सिनेमा. नाव होतं ‘लक्ष्मी बॉम्ब’. देवीच्या नावाला जोडलेल्या बॉम्बला विरोध झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, तो नुसता ‘लक्ष्मी’ म्हणून घरोघरच्या टीव्हीवर आला. आमच्या नौपाड्यातल्या शेजारीण आजींनी लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात श्रद्धेने लावला. अर्ध्या तासात त्यांनी मुलाला हाक मारून तो बंद करायला लावला. वाद टाळला, हे ठीक. पण अशा वेळी शब्द छाटण्याऐवजी नवं नावच शोधावं. छाटलेलं नाव बरेचदा दुसऱ्याच सिनेमाचं होऊन बसतं.

प्रश्न : दादा कोंडके यांच्या सिनेमांची नावं चारचौघांत घ्यायला लाज वाटायची. वाईट नावांचा सरताज तेच नव्हेत का?
– एक आजोबा, कोपरी

उत्तर : आजोबा, लाज वाटायची हे खरं, पण आठवतात की नाही? ‘आंधळा मारतो डोळा’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘ह्योच नवरा पाहिजे’. बोलीतली पूर्ण वाक्यं, ठेक्यात बसलेली, आणि आत काय मिळणार याबद्दल तिळमात्र फसवणूक नाही. जो रांगेत उभा राहिला त्याला ठाऊक होतं तो कशाला उभा आहे. दादांचे सिनेमे आमच्याकडे मॅटिनीला परत परत लागायचे. नाव घ्यायला लाजणारे ‘दादांचं द्या’ म्हणायचे. नावाचं काम झालं. सभ्यतेचे मार्क तुम्ही हवे तेवढे कापा.

प्रश्न : मी एका पटकथेचं नाव लेखक संघटनेत नोंदवलं होतं. आता त्याच नावाचा सिनेमा येतोय, गोष्ट वेगळी आहे. मी खटला भरू का?
– हौशी लेखक, वाशी

उत्तर : वकिलाला विचारा, मी तिकिटं विकली आहेत. पण एक निकाल तुमच्या कामाचा आहे. २०११ च्या ‘देसी बॉईज’ या सिनेमावर एका लेखकाने नेमकी हीच तक्रार केली होती : नाव माझ्या नोंदवलेल्या संहितेचं, उचललं तुम्ही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. शीर्षक ही स्वतंत्र साहित्यकृती नव्हे, आणि ‘देसी’ आणि ‘बॉईज’ हे तर रोजच्या वापरातले शब्द. गोष्ट चोरली असती तर मामला वेगळा होता. नामांकित नावाला ट्रेडमार्कच्या कायद्याचा आधार मिळू शकतो, पण तिथेही खात्री नाही. २००८ साली ‘हॅरी पॉटर’वाले आपल्या ‘हरी पुत्तर’ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. हॅरी पॉटर वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक कळतो, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं आणि सिनेमा लागला. पाहिलात तर तुम्हालाही कळेल.

एवढ्यावरून तुमच्या नावाबद्दलही थोडा अंदाज येतो. दोघांना सुचलं म्हणजे ते तिसऱ्यालाही सुचणार. दुसरं शोधा.

प्रश्न : काका, मी कॉलेजसाठी पंचवीस मिनिटांची फिल्म करतोय. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधले एक माथाडी, त्यांची मुलगी सीए करतेय. घरी जागा नाही म्हणून रात्री ती ओळखीच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यात, कांद्याच्या गोण्यांमध्ये बसून अभ्यास करते. तीन नावं काढलीत : ‘क्षितिजापल्याड’, ‘आकडा’ आणि ‘तुर्भे स्लो’. कुठलं ठेवू?
– विद्यार्थी, नेरुळ

उत्तर : गोष्ट छान आहे रे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘क्षितिजापल्याड’ आजच खोडून टाक. का, ते पाचपाखाडीच्या साहेबांना वर सांगितलंय.

‘आकडा’ तुला का सुचलं ते दिसतंय. गोणी उचलायचा बापाचा लोखंडी आकडा आणि लेकीच्या वहीतले आकडे. कागदावर झकास. पण तू तो आतून बघतोयस. कळव्याच्या नाक्यावर ‘आकडा’ म्हटलंस तर लोकांना मटका आठवेल, नाहीतर तारेवर टाकून चोरलेली वीज. तो बाप बिचारा पहिल्या दृश्याआधीच बदनाम. मटका पाहायला आलेल्यांना पोरगी ताळेबंद जुळवताना दिसणार, आणि ज्यांना ती पोरगी बघायची होती ते येणारच नाहीत.

‘तुर्भे स्लो’ तू ‘डोंबिवली फास्ट’वरून काढलंस, हे लपत नाही. २००५ चं ते नाव मला मराठीतल्या उत्तम नावांपैकी एक वाटतं. त्या गाडीला लटकलेल्या माणसाला ‘फास्ट’ मध्ये किती कोंडलेलं असतं ते सांगावं लागत नाही, आणि सिनेमाही नेमका अशा एका माणसाचा फ्यूज उडण्याचा आहे. निशिकांत कामत यांनीच तो पुढे तमिळमध्ये केला, तेव्हा अर्थातच वेगळं नाव ठेवलं. चेन्नईत डोंबिवली कुणाला चावणार? म्हणजे गावाचं नाव घालायला हरकत नाही, पण त्या गावाने गोष्टीत काम केलं पाहिजे. तुझ्या फिल्ममध्ये गाडी कुठे आहे? शिवाय ठाणे–वाशी मार्गावर फास्ट गाडीच नाही, तर ‘स्लो’ला वेगळेपण कसलं? तिथे सगळंच स्लो.

तुझ्याच पत्रात एक नाव पडलेलं आहे, तू उचललं नाहीस. ‘गाळ्यावरची सीए’. गाळा ऐकला की मार्केट उभं राहतं, सीए ऐकलं की तिथे हिचं काय काम असा प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न म्हणजेच तुझी गोष्ट. व्यापाऱ्याचे हिशेब बघायला येणारा खराखुरा सीए कुणाला वाटू नये, म्हणून पोस्टरवर गोण्या आणि पोरगी दोन्ही दाखव. हे नाव आवडलं नाही तर सोडून दे, फिल्म तुझी आहे. पण जे ठरवशील ते आधी मार्केटात पहाटे चहाच्या टपरीवर चार माथाड्यांना ऐकव. ‘कशाबद्दल असेल?’ एवढंच विचार आणि गप्प बस. कॉलेजातल्या मित्रांना विचारू नकोस, त्यांनी पटकथा वाचलेली आहे.